गरोदरपणात पॅरासिटामॉल: भ्यायचं नेमकं कशाला?

रानजाई:
२२ सप्टेंबर २०२५ ला डोनाल्ड ट्रम्प यांनी गरोदर बायकांना टायलेनॉल घेऊ नका असं जाहीर सांगितलं आणि त्याचा संबंध मुलांच्या ऑटिझमशी जोडला. टायलेनॉल म्हणजे आपलं क्रोसिन, कॅलपोल, डोलो. आत पॅरासिटामॉलच. त्याच वेळी अमेरिकेच्या औषध नियामकाने डॉक्टरांना लिहिलेल्या पत्रात कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नाही असं स्पष्ट म्हटलं होतं. भाषण घरोघरी पोचलं, पत्र पोचलं नाही.

माझं म्हणणं असं की आपल्याकडे खरा घात पॅरासिटामॉल करत नाही, त्याच्या जोडीला बसवलेलं औषध करतं. कॉम्बिफ्लामच्या एका गोळीत पॅरासिटामॉल ३२५ मिग्रॅ आणि आयबुप्रोफेन ४०० मिग्रॅ असतं. झेरोडॉल-पीमध्ये पॅरासिटामॉलबरोबर १०० मिग्रॅ ॲसिक्लोफिनॅक. मेफ्टाल-स्पासमध्ये मेफेनॅमिक ॲसिड, आणि ती पाळीतल्या दुखण्यासाठी आणलेली म्हणून बऱ्याच घरांत पडलेलीच असते. विसाव्या आठवड्यानंतर गर्भजल म्हणजे मुख्यतः बाळाची लघवी. आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक, मेफेनॅमिक ही औषधं प्रोस्टाग्लँडिन नावाचं शरीरातलं रसायन अडवतात, बाळाच्या मूत्रपिंडाला रक्त कमी मिळतं, लघवी घटते आणि पाणी आटतं. ३० आठवड्यांच्या पुढे आणखी एक धोका आहे: हृदयाजवळची जी वाहिनी जन्मानंतर मिटायची, ती पोटातच आकसू लागते. ऑक्टोबर २०२० पासून २० आठवड्यांनंतर ही औषधं टाळा असा अमेरिकेतही इशारा आहे. पॅरासिटामॉलला घाबरून 'दुसरी कुठलीतरी' गोळी घेणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

खडीसाखर:
दुसऱ्या भागाशी सहमत, पहिल्याशी नाही. भीती ट्रम्प यांनी जन्माला घातलेली नाही. २०२१ मध्येच ९१ शास्त्रज्ञांनी सह्या करून सांगितलं होतं की गरोदरपणात पॅरासिटामॉल गरजेपुरतं, कमीत कमी मात्रेत, कमीत कमी दिवस घ्यावं. ते वार (प्लॅसेंटा) ओलांडून बाळापर्यंत जातं यात दुमत नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांत संप्रेरकांवर परिणाम दिसलेत. आणि आपल्याकडे? अंग मोडून आलं, घे ६५०. झोप लागत नाही, घे ६५०. तुम्ही 'सुरक्षित' हा शब्द वापरलात की ऐकणारीच्या कानात 'कितीही' असा जातो.

वजनकाटा:
रानजाईंना अनुमोदन, पण संशोधनाचा मुद्दा पुरा करायला हवा. स्वीडनमध्ये १९९५ ते २०१९ दरम्यान जन्मलेल्या सुमारे २४.८ लाख मुलांचा अभ्यास २०२४ मध्ये आला. सगळी मुलं सरसकट मोजली तर गोळी घेतलेल्या आयांच्या मुलांत ऑटिझमचं प्रमाण किंचित जास्त दिसलं. मग एकाच आईची दोन भावंडं ताडून पाहिली, एका खेपेला गोळी घेतलेली, दुसऱ्या खेपेला नाही. फरक उरला नाही. म्हणजे जे दिसत होतं ते गोळीचं नव्हे. ज्या कारणाने गोळी घेतली ते दुखणं, ताप आणि घराण्याची जनुकं, यांचं असण्याची शक्यता जास्त.

खडीसाखर:
त्याच अभ्यासात गोळी घेतल्याची नोंद जेमतेम साडेसात टक्के गरोदरपणांत आहे. इतर देशांत निम्म्याच्या आसपास बायका घेतात. दुकानातून थेट मिळणाऱ्या औषधाची नोंद राहून जाते, आणि 'न घेतलेल्या' गटात घेतलेल्या मिसळल्या की फरक आपोआप पुसला जातो. निष्कर्ष चूक आहे असं मी म्हणत नाही. त्यावर विसंबून हात सैल सोडू नका, एवढंच म्हणते.

वजनकाटा:
आक्षेप रास्त आहे. पण न घेण्यालाही किंमत आहे, ती तुम्ही हिशेबात धरत नाही. बाळाच्या मज्जारज्जूची नळी गर्भधारणेपासून साधारण २८ दिवसांत मिटते. त्या काळातल्या जास्त तापाचा आणि नळीतल्या दोषांचा संबंध अभ्यासांत दिसलेला आहे. तेव्हा १०२ ताप अंगावर काढायला सांगणं ही सावधगिरी नाही.

'हात सैल' यावर मात्र तुमच्या बाजूचा हिशेब देतो. एका वेळची मात्रा किलोमागे १५ मिग्रॅपर्यंत. आपल्याकडे सुरुवातीला ४२ किलो वजन असलेल्या कितीतरी बायका असतात. ४२ गुणिले १५ म्हणजे ६३०. म्हणजे ६५० ची गोळी तिच्यासाठी एका घासातच मर्यादेपलीकडे गेली. तिला ५०० ची पुरते. दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर ठेवावं. दिवसाचे ४ ग्रॅम हा आकडा धडधाकट, चांगल्या वजनाच्या माणसासाठी आहे. पन्नास किलोंच्या आत २ ग्रॅमवर, म्हणजे ५०० च्या चार गोळ्यांवर थांबावं. उलट्यांनी अन्न पोटात ठरत नसेल किंवा कावीळ असेल तर आधी डॉक्टर. आणि सर्दीच्या गोळीतही बहुधा पॅरासिटामॉल असतं, ते बेरजेत धरा.

ओवा:
एक महत्त्वाचा खुलासा. इकोस्प्रिन म्हणजे कमी मात्रेचं ॲस्पिरिन, तेही आयबुप्रोफेनच्याच जातीचं, पण वरचं वाचून कुणी ते बंद करू नये. बीपी वाढण्याचा धोका असलेल्यांना ७५ किंवा १५० मिग्रॅ ॲस्पिरिन साधारण १२ ते १६ आठवड्यांत सुरू करतात, बहुतेक वेळा रात्री. डोकेदुखीची ॲस्पिरिनची गोळी ३०० च्या पुढची असते. ती वेगळी, ही वेगळी. दुकानदाराने किंवा शेजारणीने 'ॲस्पिरिन? गरोदरपणात?' म्हटलं तरी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका.

आणि कळण्याआधी चुकून एखादी कॉम्बिफ्लाम गेली असेल तर गर्भ खाली करण्याचा विचार मनातही आणू नका. थांबवा, पुढच्या तपासणीत सांगा, कार्डावर लिहून घ्या. २० आठवड्यांनंतर दोन दिवसांहून जास्त घेतली असेल तर मात्र सोनोग्राफीत पाणी पाहायला सांगा. औषध थांबवल्यावर ते बहुतेकदा भरून येतं.

खडीसाखर:
'एखादी चालते' असंच याचं भाषांतर होणार, ही माझी धास्ती कायम आहे. तसंच कंबरेला चोळायच्या जेलचं. व्होलिनीत डायक्लोफिनॅक असतं, तेही आयबुप्रोफेनच्याच जातीचं. कातडीतून कमी जातं, पण जातं. रोज तीनदा, पाठभर चोळलं तर कमी राहत नाही.

रानजाई:
जेलबद्दल पूर्ण मान्य. कंबरेला कोमट पाण्याची पिशवी, कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी, आणि तेवढ्याने भागलं नाही तर ५०० ची एक गोळी. 'एखादी चालते' बद्दल मात्र नाही. घाबरलेली बाई डॉक्टरांपासून लपवते, आणि लपवलेल्या गोळ्यांचा हिशेब कुणालाच लागत नाही.

खडीसाखर:
मग निदान हे तरी धाग्याच्या वर चिकटवा. विसाव्या आठवड्यानंतर जोरात डोकं दुखलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, उजव्या बरगडीखाली दुखलं किंवा चेहरा-हात एकाएकी सुजले, तर गोळीने बरं वाटेल का याची वाट पाहू नका. गोळीने डोकं उतरतं, बीपी उतरत नाही.

रानजाई:
चिकटवते. आकडाही घालते: वरचं १४० किंवा खालचं ९० आलं तर त्याच दिवशी दवाखाना, १६० किंवा ११० आलं तर त्याच घटकेला, रात्र असली तरी.