विश्रांती हीच खरी चाल

कुणीतरी म्हटलंय की इडिटारॉडमध्ये, म्हणजे अलास्कातल्या कुत्र्यांच्या स्लेज-शर्यतीत, ज्याची कुत्री सर्वांत जोरात पळतात तो जिंकतो, थांबणं म्हणजे वेळ घालवणं. अजिबात पटलं नाही. अँकरेज ते नोम म्हणजे जवळपास १६०० किमी. सक्तीच्या थांब्यांमध्ये एक २४ तासांचा, शिवाय ८-८ तासांचे दोन, त्यातला शेवटचा व्हाइट माउंटनला. बाकी कधी नि किती थांबायचं हे मशरनं, म्हणजे स्लेज हाकणाऱ्यानं, ठरवायचं, आणि खरा खेळ तिथेच आहे. वाटेत एखादं कुत्रं मागे ठेवावं लागलं, तर त्याच्या जागी दुसरं जोडता येत नाही.

आणि थांबा कुत्र्यांसाठी असतो, माणसासाठी नाही! पायातले मोजे काढायचे, गवत पसरायचं, बर्फ वितळवून पाणी करायचं, खायला घालायचं, पंजे तपासायचे. एवढं होईतो मशरच्या वाट्याला जेमतेम तास-दीड तासाची डुलकी.

कधी थांबायचं यावर निकाल कसा फिरतो, त्यासाठी २०१४ चा शेवट तर बघाच. आघाडीवरचा जेफ किंग सेफ्टीच्या (नोमआधीचा शेवटचा थांबा) अलीकडे वादळात अडकला आणि स्पर्धेबाहेर गेला. अ‍ॅली झर्कल वारा बघून सेफ्टीलाच थांबली. डॅलस सीव्ही, ते दोघं पुढेच आहेत नि आपण तिसऱ्या नंबरासाठी पळतोय अशा समजुतीत पुढे निघून गेला. मागे दिसणारा दिवा त्याला शर्यतीतच असलेल्या वडिलांचा वाटत होता, होता झर्कलचा. नोमला पोचला तो तिच्या जवळपास अडीच मिनिटं आधी, आणि जिंकलोय हे त्याला तिथे गेल्यावर कळलं.