खुंट जोरात, कलम मरतंय: आईचा डबल डिलाइट कसा वाचवू?

मंडळी, दसरा झाला की गुलाबांची छाटणी करायची आहे. त्याआधी जाणकारांचा सल्ला हवा आहे.

साताऱ्यात आमच्या घरामागे गुलाबाची सात-आठ झाडं आहेत, सगळी आईने लावलेली. दोन गावठी, त्यांच्या पाकळ्यांचा दरवर्षी गुलकंद होतो. ग्लॅडिएटर, कुंपणाशी बटन गुलाब आणि मधोमध डबल डिलाइट. कळी उमलते तेव्हा सायीसारखी, मग ऊन लागेल तशा पाकळ्यांच्या कडा लाल होत जातात. आईचा सगळा जीव त्याच्यात. गुडघ्यांमुळे तिला आता वाकता येत नाही, पण सकाळी खुर्ची टाकून बसते ती त्याच्याच शेजारी.

मागच्या पावसाळ्यात या झाडाच्या बुडातून एक फूट निघाली आणि बघता बघता माझ्या डोक्यावर गेली. झाडाने नवा जोम धरला असं वाटून मी शेणखत, निंबोळी पेंड घातली, काठीचा आधार दिला. फाल्गुनात तिला फुलं आली ती पांढरी, रुपयाएवढी, घोसाने, पाचच पाकळ्यांची. म्हणजे हा खुंट, ज्या जंगली गुलाबावर कलम बांधलेलं असतं तो! इतके महिने कलमाच्या तोंडचा घास मी खुंटाला भरवत होते.

एका देठावर सात पानं म्हणजे जंगली, पाच म्हणजे कलमी, असं आमच्या माळीदादांनी सांगितलं होतं. पण आमच्या गावठीलाही कितीदा सात असतात आणि तो तर फांदी खोचून लावलेला, स्वतःच्या मुळांवरचा. म्हणून माती उकरून पाहिली. जोडाची गाठ मुठीएवढी आहे आणि ही फूट तिच्या चार बोटं खालून आली आहे. शिवाय तिच्या पानांच्या देठाशी बारीक झालर आहे, तशी डबल डिलाइटला नाही.

गाठीच्या वर आता कलमाच्या दोनच फांद्या उरल्यात. एक शेंड्याकडून काळी पडत खाली येते आहे. कापली तर आतला गाभा तपकिरी, आणखी दोन बोटं खाली कापली तरी तपकिरीच. दुसरी हिरवी आहे, पण पावसात काळे ठिपके पडून तिची पानं पिवळी होऊन गळली, शेंड्याला पाच-सहा राहिली आहेत. गळलेली पानं रोज वेचून टाकते.

खुंटाची फूट वरून कापली की पुन्हा फुटणार, ती मुळाशीच उपटायला हवी, हे मला माहीत आहे. पण ती अंगठ्याहून जाड झाली आहे. ओढताना गाठ हलली तर? आणि झाडाची जवळजवळ सगळी पानं तिच्यावरच आहेत. एकदम काढली तर मुळं तग धरतील, की निम्मी आत्ता, निम्मी नंतर कापू? काळ्या फांदीला गाठीपर्यंत पांढरा गाभा लागलाच नाही तर गाठही तासायची का? कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावणारच आहे.

दुसरा विचार असा, की हिरव्या फांदीवरचे डोळे, म्हणजे पानांच्या बेचक्यातले कोंब, थंडीत काढून याच खुंटावर भरावेत, म्हणजे त्याच्या सालीखाली बसवावेत. पण मग ही फूट तोवर ठेवावी लागेल आणि तेवढ्यात ती उरलेलं कलम संपवेल अशी भीती वाटते. आमच्याकडच्या हवेत कुणी घरी डोळा भरला आहे का? खुंटाची साल नीट सुटते ती नेमकी कधी?

आज मोजले तर हिरव्या फांदीवर नऊ डोळे आहेत. कुठून सुरुवात करू?