वेस्ट पॉइंटला खासदाराचं नॉमिनेशन: पद्धत की वशिला?

एडिसनकर: मुलगा अकरावीत, वेस्ट पॉइंटचं, म्हणजे अमेरिकन लष्कराचे अधिकारी घडवणाऱ्या अकॅडमीचं, वेड घेतलंय. मार्क आहेत, पळतो पण बरा. पण नुसता अर्ज करून भागत नाही, आपल्या भागातल्या काँग्रेसमनचं (इथल्या खालच्या सभागृहाचा खासदार) नाहीतर सिनेटरचं (वरच्या सभागृहाचा, राज्याला दोन) नॉमिनेशन लागतं, म्हणजे आधी पुढाऱ्याच्या ऑफिसात निबंध, शिफारसपत्रं, इंटरव्ह्यू. आपल्याकडे एनडीएला ९०० मार्कांची लेखी, ९०० ची एसएसबी (सैन्याची मुलाखत-चाचणी), तिथे आमदाराला विचारतो कोण? हा वशिलाच झाला की.

माजी_फौजी: वशिला कसला! बऱ्याच ऑफिसांत इंटरव्ह्यूला पॅनल बसतं, त्यात निवृत्त अधिकारी असतात. एका खासदाराच्या नावावर एका अकॅडमीत एकावेळी ५ च कॅडेट, म्हणून तर कानाकोपऱ्यातली पोरं येतात, नाहीतर सगळी बड्या शहरांतल्या क्लासवाल्यांची भरती झाली असती. शिवाय नॉमिनेशन म्हणजे सीट नव्हे. मेडिकल आहे, फिटनेस टेस्ट आहे, त्यात गुडघ्यांवर बसून बास्केटबॉल लांब फेकायचा असतो, करून बघा एकदा.

बे_एरियावाली: कानाकोपरा ठीक, पण वायोमिंगची वस्ती जेमतेम ६ लाख, त्यांना दोन सिनेटर आणि आम्हा कॅलिफोर्नियावाल्यांनाही दोनच. आमच्या पोरांनी काय घोडं मारलंय?

एडिसनकर: आणि खासदाराने ठरवलं तर तो एकाला पहिला नंबर देऊ शकतो, तो पात्र ठरला की ती जागा त्याची, मागचा कितीही हुशार असो. याला काय म्हणायचं?

माजी_फौजी: नियमात आहे, मान्य. पण क्रम न लावता नुसती यादी देऊन निवड अकॅडमीवर सोडणारेही आहेत. फौजींच्या मुलांना राष्ट्राध्यक्षांचा वेगळा कोटा आहे, आणि कोस्ट गार्डच्या अकॅडमीला तर नॉमिनेशनच लागत नाही.

बे_एरियावाली: फौजींची मुलं म्हणे, आपल्यात सगळे आयटीवाले 😄 बाय द वे एडिसनकर, मुलगा सिटिझन आहे ना? ग्रीन कार्डवर घेत नाहीत. आणि पास झाल्यावर निदान ५ वर्षं अ‍ॅक्टिव्ह ड्यूटी, हे वहिनींना सांगितलंय का?

एडिसनकर: इथलाच जन्म त्याचा. वहिनींना अजून नाही सांगितलं.

माजी_फौजी: आधी ते सांगा. मग काँग्रेसमन आणि दोन्ही सिनेटर, तिघांकडेही अर्ज टाका, प्रत्येकाची शेवटची तारीख वेगळी असते.

एडिसनकर: टाकतो. पण पद्धत मला पटलेली नाही म्हणजे नाही.