प्रतिसाद: स्टीलची प्लेट की सिरॅमिकची

वर कोणीतरी लिहिलंय की बुलेटप्रूफ जॅकेटमध्ये घालायची प्लेट स्टीलची असली की स्वस्त, टिकाऊ, मग तीच घ्या, पण अहो गोळी प्लेटवर फुटली की तिचे तुकडे कडेने गळ्याकडे, हनुवटीकडे उडतात, जाड कोटिंग असलं तरी दोनचार गोळ्यांत ते सोलवटतं, त्यामुळे मी तरी स्टील सुचवणार नाही. सिरॅमिक घ्या, फक्त आपटू नका, आतला तडा बाहेरून दिसत नाही. पॉलिइथिलीन (एक प्रकारचं प्लास्टिक) एकदम हलकं, पण स्टीलच्या टोकाची ५.५६ मिमी रायफलची गोळी बऱ्याचदा आरपार जाते. आणि मागचं लेबल नीट वाचा हो! आयसीडब्ल्यू (इन कंजंक्शन विथ, म्हणजे दुसऱ्या कवचासोबत वापरायची) लिहिलं असेल तर मागे सॉफ्ट आर्मर, म्हणजे कापडी थरांचं मऊ कवच, हवंच, नुसती प्लेट घालून चालत नाही. घातल्यावर वरची कड गळ्याखालच्या खळगीपाशी आली पाहिजे, बरेच जण पार पोटावर लटकवतात.