गणित कच्चं असलेल्या पालकांसाठी

"माझंच गणित कच्चं, मुलीला घरी कशी शिकवू?" ही एका पालकाची शंका मला फार जवळची वाटली. सहा वर्षं मुलाला घरीच शिकवतेय आणि माझंही गणित बेताचंच होतं.

तो नऊ वर्षांचा असताना ठामपणे म्हणाला, १/८ हे १/४ पेक्षा मोठं, कारण आठ चारापेक्षा मोठे. उत्तर अगदी ओठांवर आलं होतं, पण म्हटलं, "दाखव बरं मला." कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या घेतल्या. त्याने एक पट्टी मधोमध दोनदा दुमडली, दुसरी तीनदा. उलगडून शेजारी ठेवल्यावर घड्यांवरून बोट फिरवत बराच वेळ बसला. मग हळूच म्हणाला, "जास्त तुकडे केले की तुकडा लहान होतो!" पूर्ण संख्यांचा नियम अपूर्णांकांना लावणं ही मुलांची नेहमीची चूक, पण तिच्यामागे विचार असतो. आपण घाईने उत्तर सांगितलं की तो विचार आपल्याला कळतच नाही. तेवढा वेळ गप्प बसणं मला सगळ्यात जड गेलं, अजूनही जातं.

उजळणीचं म्हणाल तर एकाच दिवशी वीस गणितं नकोत. चार-पाच आज, दोन दिवसांनी पुन्हा, मग आठवड्याने, वही न बघता. असं केलेलं टिकतं.

आणि एखादी गोष्ट नाहीच आली तर "मलाही येत नाही, चल शोधूया" असं खुशाल म्हणा. दशांश अपूर्णांकांचा भागाकार मी त्याच्या शेजारी बसूनच नव्याने शिकले.