गेट ते लिफ्ट: टॅक्टाइल टाइल्स हव्यात की नकोत?

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. रॅम्पचं कोटेशन आलंय. त्यात ‘टॅक्टाइल टाइल्स’चा वेगळा आकडा आहे. तेवढा गाळला तर खर्च कमी होईल. मतं कळवा.

बी-३०१ वहिनी: टॅक्टाइल म्हणजे काय नक्की? लेक म्हणतो टॅक्टिकमधलाच शब्द.

ए-१०३ सर: नाही हो वहिनी, दिसतात सारखे पण घराणी वेगळी. टॅक्टिक ग्रीक, रचणे, मांडणी करणे यावरून आलेला. टॅक्टाइलचं मूळ लॅटिन ‘टांगेरे’, म्हणजे शिवणे. सतराव्या शतकापासून इंग्रजीत आहे. कॉन्टॅक्ट त्याच घरातला. इन्टॅक्ट म्हणजे कोणी हात न लावलेलं, म्हणून शाबूत. टॅन्जन्टही तिथलाच. दहावीच्या भूमितीत त्याला आपण स्पर्शिका म्हणतो, किती अचूक शब्द केलाय बघा!

बी-३०१ वहिनी: मग टचसुद्धा?

ए-१०३ सर: टच जुन्या फ्रेंचमधून आला, तो वेगळा. वापरही वेगळा. टॅक्टाइल हे विशेषण, स्पर्शाने कळणारं. ब्रेल लिपी टॅक्टाइल, उठावाचा नकाशा टॅक्टाइल. स्टेशनवरच्या पिवळ्या खडबडीत फरशाही त्यातल्याच. जपानच्या सेइची मियाके यांनी त्या शोधल्या. १९६७ साली ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर पहिल्यांदा बसवल्या.

सी-२०२: पण आपल्याकडे अंध कोणी नाही ना? उगाच खर्च कशाला?

बी-१०४ सूनबाई: दादा, आमच्या आप्पांना काचबिंदू आहे, कडेचं दिसत नाही. गावच्या घरी ते अजून एकटे फिरतात. अनवाणी पायाला चिऱ्याची भोकं लागली की पायरी, सारवलेलं मऊ लागलं की खळं. इथे लॉबीभर एकच गुळगुळीत फरशी. जिन्याची कड आणि लिफ्टचं दार पायाला सारखंच. म्हणून ते खाली उतरतच नाहीत.

सी-२०२: हे माहीत नव्हतं वहिनी. माझा होकार धरा.

ए-१०३ सर: सेक्रेटरीसाहेब, घेतल्या तर नीट बसवून घ्या. लांब पट्ट्यांची फरशी म्हणजे ‘या दिशेने चला’. गोल ठिपक्यांची म्हणजे ‘थांबा, पुढे काहीतरी आहे’. एका इमारतीत मी सरसकट ठिपके बसवलेले पाहिलेत. तिथे माणूस पावलोपावली थबकणार. ठिपके जिन्याच्या तोंडाशी, लिफ्टपुढे आणि वळणावर. बाकी सगळीकडे पट्ट्या.

सेक्रेटरी: आणि पावसाळ्यात शेवाळ धरेल त्याचं काय?

ए-१०३ सर: ठिपक्यांच्या मधे माती बसते, ती ब्रशने घासावी लागेल. झाडूवाल्या मावशींना तसं सांगा, त्यांचे पैसेही वाढवा. पिवळा रंग मात्र बदलू नका. अंधुक दिसणाऱ्यांना तो लांबून कळतो.

सेक्रेटरी: ठीक. रविवारी खडूने आखून बघू. आप्पा येतील का?

बी-१०४ सूनबाई: येतील. पण खडू नको हो, एका सरीत धुऊन जाईल. ऑइलपेंट घ्या.