मदत हवी आहे: १०० गिगाहर्ट्झच्या इमेजमधी पट्टे यायलेत

नमस्कार मंडळी, परभणीत कापसाच्या पानातला ओलावा पान न तोडता बघायचा प्रोजेक्ट करायलोय. १०० गिगाहर्ट्झचा इम्पॅट डायोड सोर्स (३ मिमी तरंगलांबीच्या रेडिओ लहरी सोडणारा), टेफ्लॉनच्या दोन लेन्स, समोर पानातून आलेल्या लहरी मोजणारा शॉटकी डायोड डिटेक्टर, अन् पान जुन्या प्रिंटरच्या मोटरवर सरकतंय. जाड शीर काळी दिसते, पाणी ह्या लहरी लई शोषतं म्हणून, ते बघून फार बरं वाटलं. पण सगळ्या इमेजवर कांद्याच्या चकतीसारखी वलयं येतात. पान मागंपुढं केलं तर दर १.५ मिमीला सिग्नल वरखाली होतो, म्हणजे अर्धी तरंगलांबी, म्हणून स्टँडिंग वेव्हच (जाणारी अन् आदळून परत येणारी लहर एकमेकीत मिसळून होते ती) असणार.

पान १५ अंश तिरकं केलं, वलयं कमी झाली पण कडा पसरट झाल्या. आजूबाजूला कार्बनचा फोम लावला, फरक नाही. सोर्स १ किलोहर्ट्झला मॉड्युलेट करून लॉक-इननं (फक्त तेवढ्याच फ्रिक्वेन्सीचा सिग्नल उचलणाऱ्या अँप्लिफायरनं) वाचतो, त्यामुळं नॉइजचा प्रश्न नाही. आयसोलेटर (परत येणारी लहर अडवणारा पार्ट) बजेटमधी बसत नाही.

आता ०.७५ मिमी सरकवून दोन इमेजची सरासरी काढावी म्हणतो, तर सरकवायचं पान का डिटेक्टर? का सोर्सच्या डायोडचा बायस करंट (त्याला चालवणारा करंट) हलवून फ्रिक्वेन्सी थोडी फिरवणं बरं, पण त्यानं पॉवर पण बदलते, ती कशी सावरायची?